हिवरदरीचा शेवटचा खांब

३ ऑगस्ट, अमडापूर

कंपनीला रोज संध्याकाळी कळवायचं असतं: खांब किती उभे झाले, केबल किती ओढली. कचरूचा ओठ फाटला हे त्यात कुठे बसत नाही, म्हणून ते इथे लिहिते.

आज हिवरदरीच्या फाट्यावर कोणीतरी कुऱ्हाडीनं आमची इंटरनेटची केबल तोडली. कचरू माझा जुना माणूस. तो तुटलेलं टोक गुंडाळायला गेला तर चौघांनी त्याला खाली पाडून झोडपलं. कारण विचाराल तर आमच्या खड्ड्यात कोणाची तरी शेळी पडली होती. मी गाडीतून उतरले, डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि पुढे होता त्याच्या नाकावर हाणलं. बाईमाणसानं मारलं हे त्यांच्या पचनी पडेपर्यंत कचरूला गाडीत घालून आम्ही निघालो होतो.

बाबांचा बुलढाण्याहून फोन आला. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी मास्तरकी सुटत नाही. "प्रतिमा, कुणावर हात उगारला नाहीस ना?" मी नाही म्हणाले. हेल्मेट उगारलं होतं.

६ ऑगस्ट

हिवरदरीत शिरलो. इथलं प्रस्थ म्हणजे हिंमतराव. माणूस भला वाटला. साहित्य ठेवायला खोली दिली, चहा दिला, आणि आमच्या अंगावर येणाऱ्या दोघांना नुसतं "काय बे" म्हणून परत पाठवलं. या गावात एक तरी माणूस बोलण्यासारखा आहे.

काम सोपं नाही. केबल सडकेच्या कडेनं येते, वेशीपुढचं मैदान एका झेपेत ओलांडते आणि पलीकडच्या शेवटच्या खांबाला थांबते. तिथून ग्रामपंचायत दोन पावलांवर. पण कंपनीनं खांब आखूड पाठवलेत. कोष्टकाप्रमाणे मधोमध सव्वा मीटर झोळ द्यावा तर कुटारानं, म्हणजे भुशानं, भरलेला ट्रक केबल घेऊनच जाईल. म्हणून झोळ निम्मा करायचा ठरवलं. केबलचं वजन तेच, अंतर तेच, तेव्हा झोळ निम्मा केला की ताण दुप्पट होतो. ही फसवणूक नाही, पण हा ताण कोणाला तरी सोसावा लागतो. मधल्या खांबांना दोन्हीकडून ओढ असते, ते उभे राहतात. शेवटच्याला एकीकडूनच ओढ. त्याला मागून ताणतार, म्हणजे इथले म्हणतात तो स्टे, लावल्याशिवाय गत्यंतर नाही. त्यात खालची माती काळी, पावसानं लोण्यासारखी झालेली.

९ ऑगस्ट

आज स्टेच्या जागेवरून वाजलं. खांबाच्या बरोब्बर मागे बौद्धवाड्यातून येणारी गल्ली आहे. ओढीच्या सरळ रेषेत, माझ्या दृष्टीनं आदर्श जागा. आमच्या टोळीतला संघपाल म्हणायला लागला, "मॅडम, खांब चार पावलं इकडं घेतला तं स्टे हिंमतरावच्या गोठ्याकडं जाते. गल्ली मोकळी राह्यते."

संघपाल याच गावचा, त्याच गल्लीतला. वायरमनचा कोर्स झालाय, खांबावर चढताना त्याच्याकडे बघत राहावं. पण तोंड चालतं.

मी हिंमतरावांना विचारलं. ते उठून आले, जागा बघितली, हसले. "गोठ्याकडं कुठं जागा हाय ताई? अन् त्या गल्लीतून येते कोण? बकऱ्या. माणूस तं वाकून निघते."

मी स्वतः वाकून बघितलं. निघते.

"गाडी निघत नाही," संघपाल म्हणाला. "बैलाची जोडी निघत नाही."

मी सगळ्यांसमोर त्याला झापलं. "तुला ताण काढता येतो? नाही ना? मग खड्डा खण." हिंमतरावांची माणसं हसली. त्यानं खड्डा खणला, तोही चांगला खोल. मला वाईट वाटलं थोडं, पण जागेवर एकानंच ठरवावं लागतं.

१४ ऑगस्ट

केबल चढवली. शेवटच्या ओढीला दोर तुटला आणि संघपालच्या दंडावर असा बसला की मांस उघडं पडलं. रक्त खांबावरून ओघळत होतं. त्यानं दातांनी गमछा बांधला आणि वरूनच म्हणाला, "दुसरा दोर द्या." मी कंपनीच्या नावानं एवढ्या शिव्या दिल्या की कचरूनं कानावर हात ठेवले.

दुसऱ्या दोरानं झोळ बसला. जमिनीवरून मोजायला मैदानात ट्रॅक्टर उभे, म्हणून मी संघपालला थापेची रीत शिकवली. खांबाजवळ केबलवर थाप मारायची. लाट पलीकडच्या खांबापर्यंत जाते, आपटून परत येते आणि तळहाताला कळते. लवकर आली तर केबल ताठ, रेंगाळत आली तर झोळ जास्त. त्यानं एकदा मारली, डोळे मिटून वाट बघितली आणि हसला. "आली," म्हणाला. फाटक्या दंडानं हसत होता.

१७ ऑगस्ट

सकाळी संघपालची आई जनकाबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली आणि मुद्दाम माझ्यापुढे स्टेला धडकून दाखवलं. भारा पडला. "अशी जाऊ का रोज?" म्हणाली. मी म्हटलं, जरा कडेनं जा. ती माझ्याकडे बघत राहिली.

दुपारी कळलं की तिच्या नवऱ्याला, दयारामला, काल मार बसला. त्याची बैलगाडी गल्लीतून निघेना म्हणून तो नाल्याकडून फिरून गेला आणि चाक हिंमतरावांच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चढलं. चाबकाच्या दांड्यानं मारलं म्हणे, पाठ काळीनिळी झालीय. संघपाल कामावर आला तो एक डोळा सुजवून. मी विचारलं तर म्हणाला, "बाबाले सोडवाले गेल्तो."

गावची भांडणं पिढ्यान्‌पिढ्यांची असतात, त्यात मी पडत नाही. आमच्या घरात जात कधी पाळली नाही, त्यामुळे मला त्यातलं काही कळतही नाही. मला ताण कळतो. तेवढा कळला तरी पुष्कळ.

२० ऑगस्ट

आज जेवताना संघपाल शेजारी येऊन बसला. म्हणाला, "मॅडम, पोळ्याच्या दिवशी घंटाभर स्टे सोडता येईन का?"

मी म्हटलं, सोड आणि खांब डोक्यात घे.

मग त्यानं सांगितलं. दयारामनं दोन वर्षं लोकांच्या शेतात राबून पहिल्यांदा स्वतःची जोडी घेतली आहे. पोळ्याला वेशीत तोरण बांधतात, त्याखाली गावची बैलं रांगेनं उभी राहतात. मान हिंमतरावांच्या घराचा, त्यांची जोडी पुढे. बौद्धवाड्याची जोडी या गावात तोरणाखाली कधी गेलेली नाही. "बाबा म्हणते, मान त्यायचाच राहू द्या, आपुन सगळ्यात मांगं उभं राहू. पण उभं राहू. नाल्याकडून गेलो तं त्यायचं वावर लागते, तिथंच अडवते. एवढी गल्ली हाय."

मी म्हटलं, तेवीसला तपासणीचे साहेब येणार आहेत, बावीसला मी स्टे सोडू? त्यानं मान हलवली. मग विचारलं, "खांब स्टेशिवाय कवा उभा राह्यते?"

प्रश्न चांगला होता. मला असे प्रश्न आवडतात. मी मातीवर काडीनं काढून दाखवलं. झोळ दुप्पट केला तर ताण निम्मा. तेवढ्या ताणाला खालचं काँक्रीट तासदोन तास सहज धरेल. आणि गंमत म्हणजे झोळ दुप्पट करायला केबल किती सोडायची? तीनचार बोटं. त्याला खरं वाटेना. मी म्हटलं, हीच तर खुबी आहे, बोटभर ढील आणि हातभर झोळ. त्यानं दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं. हुशार माणूस आहे. जरा तोंड आवरलं तर पुढच्या वर्षी याला मुकादम करीन.

२१ ऑगस्ट

खांदमळणी. घरोघरी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावतायत. हिंमतरावांनी उद्यासाठी खास बोलावलंय, ओट्यावर खुर्ची देणार. नारिंगी साडी आणलीच आहे.

२२ ऑगस्ट, पोळा, दुपार

संताप संताप झालाय. सकाळी सहज शेवटच्या खांबाशी गेले, थाप मारली. लाट गेली ती परत यायचं नावच घेईना. वर बघते तर मैदानावर केबल पार लोंबलेली. कोणीतरी पहाटे चढून तिला ढील दिली होती. उद्या तपासणी, आणि आज हे.

हिंमतराव ओट्यावरच होते. म्हणाले, "वाड्यातल्या पोट्ट्यायचं काम असन ताई. त्यायले तुमचा खांब खुपून राह्यला."

कचरू म्हणाला, "मॅडम, संघपालले इचारून पाहू का? तो नदीवर बैलं धून राह्यला."

मी म्हटलं, विचारायचंय काय त्यात. लाव शिडी. मीच चढले आणि होती तशी ताठ केली, वर दोन आटे जास्त दिले. थाप मारली. लाट झटक्यात परत आली. बरं वाटलं.

आता साडी नेसते.

२३ ऑगस्ट

अमडापूरच्या दवाखान्यात आहे. डोक्याला टाके आहेत. तरी लिहिते, नाहीतर हे डोक्यातच राहील.

चारच्या सुमारास बैलं जमली. शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. आंब्याच्या पानांचं तोरण वेशीत बांधलं होतं, आणि बांधणाऱ्यांनी त्याचा मधला दोर सरळ माझ्या केबलला अडकवला होता. मी ओरडणार होते, हिंमतराव म्हणाले, राहू द्या ताई, घडीभराचं काम. हिंमतरावांची जोडी पुढे उभी राहिली. डफडी इतकी जोरात की शेजारच्याचं ऐकू येईना.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी दयाराम दिसला. पांढरा सदरा, डोक्याला निळा फेटा, दोन्ही हातात कासरे. बैल काही फार मोठे नव्हते, पण अंगावर इतकी निगा होती की सगळं गाव वळून बघायला लागलं. जोडी स्टेपाशी थांबली. इकडून कोणी तरी ओरडलं, "वाकव बे बैलं." हशा झाला.

संघपाल पाना घेऊन स्टेपाशी बसला होता. त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि हातानं खूण केली. सगळं ठीक आहे, अशी. मला तेव्हा कळलं. केबल पहाटे कोणी सोडली, का सोडली, सगळं त्या एका खुणेत कळलं.

मी खुर्चीवरून उठून ओरडले. मी खूप ओरडले. डफड्यांत माझं मलाच ऐकू आलं नाही. मी ओट्यावरून उडी मारली, साडी पायात आली, पडले. उठले तेव्हा तार सुटलेली होती आणि दयाराम जोडी घेऊन खांबापुढे आला होता. तो हसत होता.

खांबाच्या बुडाशी माती फाटली. खांब आधी हळू वाकला, मग एकदम आला. दयारामनं वर बघितलं आणि दोन्ही कासरे सोडून बैलांना ढकललं. उजव्या बैलाच्या पाठीवर खांब बसला, तो बैल दयारामच्या अंगावर बसला. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. बैलाची होती की माणसाची, माहीत नाही. केबल खाली आली तशी तोरणही घेऊन आली, सगळी पानं चिखलात.

"तोरण तोडलं." कोणी म्हटलं ते मी बघितलं नाही. पण तेवढंच हवं होतं. लाठ्या आधीपासून आणलेल्या होत्या, सणाला कोणी ओट्याखाली लाठ्या ठेवत नाही. माणूस बैलाखाली श्वास ओढतोय आणि वीस जण त्याच्या मुलाला मारतायत. संघपाल खांब उचलायला बघत होता. मार चुकवत नव्हता, खांबाच्या खाली खांदा घालत होता. जनकाबाईंनी एकाच्या हाताचा चावा घेतला, त्यांना केसांना धरून फरफटत नेलं. मी खुर्ची उचलून दोघांच्या पाठीत घातली, पाय तुटेपर्यंत घातली. दगड कुठून आला कळलं नाही.

हिंमतराव ओट्यावर बसून होते. शुद्ध जायच्या आधी मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्या खांबाच्या जागेकडे बघत होते, बांधावरचं झाड तोडून झाल्यावर माणूस बघतो तसे.

२४ ऑगस्ट

दयाराम पहाटे गेला. बैल कालच गेला होता.

२६ ऑगस्ट

जमादार येऊन गेले. गुन्हा संघपालवर. स्टे त्यानं सोडला, साऱ्या गावानं बघितलं, बापाच्या मरणाला तोच कारण. मारणाऱ्यांची नावं "अज्ञात जमाव". माझा जबाब परवा ठाण्यात. कंपनीचे साहेब फोनवर म्हणाले, जेवढं विचारतील तेवढंच सांगा, तुमची मांडणी बिनचूक होती.

हिंमतराव भेटायला आले, सफरचंदं घेऊन. "ताई, तुमचं नाव कुठंच नाही. खांब पडला तं पोट्ट्याच्या हातानं पडला." पोळ्याच्या सकाळी केबल मी ताठ केली हे त्यांनी ओट्यावरून बघितलं होतं. ते मला त्यांनी सांगितलं नाही. फक्त जाताना म्हणाले, "कचरू समजदार माणूस हाय."

कचरू रात्रभर बाकावर बसून होता. मी विचारलं, तू काय सांगणार? म्हणाला, "तुमी सांगान ते." हे ऐकून मला त्याला मारावंसं वाटलं. मग कळलं की त्याला नव्हे.

सफरचंदं मी खिडकीतून फेकली. एक फुटून भिंतीला चिकटलं.

२८ ऑगस्ट, बुलढाणा

ठाण्यात जायच्या आधी जिल्हा रुग्णालयात गेले. संघपाल पुरुष वॉर्डात, दाराशी शिपाई. जबडा बांधलेला, एक हात प्लास्टरमध्ये. जनकाबाई पायाशी बसल्या होत्या. त्यांनी मला बसायला जागा करून दिली. त्या जागेवर मला बसवेना, मी उभीच राहिले.

संघपालला बोलताना त्रास होत होता. मला वाटलं होतं तो तोंड फिरवील. पण तो माझीच वाट बघत असल्यासारखा बोलायला लागला.

"मॅडम, तुमीच सांगतलं होतं, झोळ दुप्पट तं ताण निम्मा."

"हो."

"म्या पहाटेच चढून झोळ देल्ला होता. चार बोटं. थाप मारून पाह्यली, लाट रेंगाळत आली. मंग खाली उतरलो." तो थांबला, श्वास घेतला. "हिशोब कुठं चुकला तं सांगा. सहा दिस झाले. तेच करून राह्यलो डोक्यात. चार बोटं म्हंजे माही बोटं मोठी पडली का? का ओल्या मातीचं म्या धरलं नाही? बाबाले म्याच म्हटलं, चला, खांब धरते, मॅडमचा हिशोब हाय."

जनकाबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनाही तेच हवं होतं, चूक कुठे झाली ते.

शिपाई बाहेर तंबाखू मळत होता. मी म्हटलं, "तुझा हिशोब बरोबर होता. तसाच राहिला असता तर खांब उभा राहिला असता."

"मंग?"

"सकाळी केबल लोंबलेली दिसली. मला वाटलं कोणी मुद्दाम केलंय. मी परत ताणली. आधीपेक्षा जास्त."

वॉर्डात पंखा फिरत होता. संघपालनं शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. जनकाबाईंनी पदर तोंडात घातला आणि पुढेमागे झुलायला लागल्या, आवाज न करता.

"मी नदीवरच होतो," तो शेवटी म्हणाला. "हाकेच्या वाटंवर." मग माझ्याकडे वळून, अगदी खऱ्या नवलानं, "मले इचारलं काऊन नाही?"

मला उत्तर माहीत होतं. हिंमतरावांना मी प्रत्येक गोष्ट विचारली होती. खांब कुठे, स्टे कुठे, तोरण राहू देऊ का. कचरूनं संघपालला विचारू का म्हटलं तेव्हा मी शिडीवर चढत होते. आमच्या घरात जात पाळत नाहीत.

जनकाबाई उठल्या, माझा दंड धरला आणि मला दारापर्यंत आणून बाहेर काढलं. त्यांच्या बोटांचे वळ अजून आहेत.

ठाण्यात जबाब दिला. स्टेची जागा कोणी दाखवली, लाठ्या कुठे ठेवल्या होत्या, मारणाऱ्यांतले जे ओळखीचे ते कोण, आणि सकाळी केबल कोणी ताणली. जमादारांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "बाई, हे शेवटचं लिहू? हे तं दुसऱ्या कोणी सांगतलं नाही."

मी म्हटलं, लिहा. कचरूनं शिडी धरली होती, त्यालाही बोलवा.

बाहेर आले तर हिंमतरावांचे चार फोन येऊन गेलेले. पाचवा वाजत होता. कचरू दाराशी उभा होता, शर्टाचं वरचं बटण लावून. त्याला आत पाठवलं आणि पायरीवर बसून राहिले.